काळ्या फोटोतले जयदेव

मांजर्ली, बदलापूर (प.)
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

चि. हिमानीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

ईमेलवर पत्ता आणि तारीख लिहायची नसते असं तू मागे म्हणालीस. असेल. पण मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि तुमच्या दुर्बिणीपाशी नेट इतकं बारीक की नुसती अक्षरं पोचतात. तेव्हा आपलं हे पत्रच, आणि पत्र म्हटलं की पत्ता आला.

आज अडचणीत लिहितो आहे. बदलापूर गावातल्या जनीबाई तुला आठवतील, तुझ्या मामीच्या मैत्रीण. त्यांचे यजमान जयदेव मंगळवारी सकाळी घरातून निघाले ते परतलेच नाहीत. वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपासून विसरतात, कधी मुलाचं नाव, कधी घरची वाट. मुलगा भूपेश आनंदनगरला कंपनीत आहे. रजा टाकून तो अंबरनाथपासून कर्जतपर्यंत फिरतो आहे. पोलिसांत कळवलं. त्यांनी अलीकडचा स्पष्ट फोटो मागितला, आणि नेमका तोच कुणाकडे नाही. आधार कार्डावरचा पाहून मलाही ते ओळखू आले नाहीत. भूपेशच्या लग्नातला आहे तो पंधरा वर्षांपूर्वीचा, गाल भरलेले, फेटा कपाळावर उतरलेला. हे गृहस्थ कॅमेरा दिसला की पाठ फिरवतात.

जनीबाईंना आठवलं की गेल्या वर्षी भाताच्या झोडणीच्या वेळी तुझी मामी, उमा, चार दिवस त्यांच्या खळ्यावर फोटो काढत होती. फेब्रुवारीत ती गेली, तेव्हापासून तिची हार्ड डिस्क कपाटातच होती. काल जोडली. फायलींची नावं दिसतात, उघडत एकही नाही. उल्हासनगरला एका दुकानात दाखवली, तर तो म्हणाला डेटा करप्ट झालाय, पुसून डिस्क वापरा. मी ती उचलून घरी आलो. मग फायलींच्या नावांची शेवटची तीन अक्षरं खोडून तिथे जेपीजी लिहून पाहिलं. तरी नाही. जनीबाई बाहेरच्या खोलीत बसून आहेत, पाणीसुद्धा घेत नाहीत. काय करू ते सांग.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर असावं.
तुझा,
चिंतामणीमामा

*

हानले, लडाख
रविवार, १० नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,
हिमानीचा सा. न. वि. वि.

डिस्क पुसू दिली नाहीत याबद्दल तुमच्यासमोर साष्टांग लोटांगण. नावं खोडलीत याबद्दल मात्र कान धरेन. ती आधी होती तशी करा. पोत्यावर तांदूळ लिहिलं म्हणून आतल्या भाताचा तांदूळ होत नाही.

मामा, त्या फायली बिघडलेल्या नाहीत. त्यांना ‘रॉ’ म्हणतात, म्हणजे कच्च्या. फोनचा कॅमेरा फोटो कसा दिसावा ते स्वतःच ठरवतो, त्याचा जेपीजी करून देतो आणि उरलेलं टाकून देतो. मामींनी आपल्या कॅमेऱ्याला सांगून ठेवलं होतं की तू काही ठरवू नकोस, काचेतून आला तेवढा उजेड मोजून जसाच्या तसा ठेव. म्हणजे खळ्यावरचं भात. ते खराब नसतं, भरडायचं राहिलेलं असतं.

मामींच्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्रॅम नक्की असेल. त्यात तो फोल्डर उघडा, फोटो निवडा, एक्सपोर्ट दाबा आणि जेपीजी सांगा. क्वालिटी नव्वद, लांब बाजू दोन हजार पिक्सेल. घाबरू नका, मूळ फायलीला धक्का लागत नाही, शेजारी नवी तयार होते. मला मूळ फाइल पाठवायच्या भानगडीत पडू नका. एकेक तीस एमबीची असेल, इथपर्यंत पोचणारच नाही. हे तुम्हालाच करायचं आहे.

जनीकाकूंना आधी चहा द्या, आणि दिलात की मला कळवा.
तुमची,
हिमानी

*

मांजर्ली
सोमवार, ११ नोव्हेंबर, सकाळी

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद.

उघडल्या. हा एक शब्द लिहायला मला दहा मिनिटं लागली.

चहा दिला, त्यांनी घेतला. नावं पूर्ववत केली, प्रोग्रॅम सापडला, आणि दोनशे चौदा फोटो एकामागून एक समोर आले. पस्तीस वर्षं मी कंपनीत यंत्रं पाहिली, पण असं काही पाहिलं नाही. झोडताना उडालेला एकेक दाणा हवेत थांबलेला आहे. पेंढ्याच्या धुळीतून ऊन तिरकं उतरलंय. उमा संध्याकाळी घरी येऊन नुसतं म्हणायची की आज छान होतं. मी पेपरातून मान वर न काढता हो म्हणायचो. छान म्हणजे हे होतं, हिमानी. मला ठाऊकच नव्हतं.

पण जयदेव कुठेच नाहीत. म्हणजे आहेत, पाठमोरे, नाहीतर वाकलेले, नाहीतर सुपाआड. तोंड समोर असलेला एकच फोटो आहे. खळ्याशेजारच्या खोपटाच्या दारात ते आत बसलेत आणि बाहेर लख्ख ऊन आहे. ऊन सुरेख आलंय. ते मात्र काळे ठिक्कर, नुसता आकार. जनीबाईंनी तो आकार ओळखला. पण पोलीस कसे ओळखतील? त्याचा जेपीजी करून भूपेशने फोनवर उजळून पाहिला, तर राखेसारखा करडा झाला, डाग डाग. बिचारा हे पाहून गॅलरीत जाऊन उभा राहिला. याला काही उपाय आहे का, की नाही म्हणून सांगू?

पत्राची वाट पाहत,
मामा

*

हानले
सोमवार, ११ नोव्हेंबर, दुपारी

ती. स्व. मामांस सा. न.

नाही म्हणू नका. आधी जेपीजी करून मग उजळायचं नाही. जेपीजी करताना काळ्यातलं बारीक सगळं फेकलं जातं, मग उजळायला उरतं काय? रॉ फायलीवरच करा. उजव्या हाताला पट्ट्या दिसतील. ‘शॅडोज’ची पट्टी उजवीकडे पूर्ण ओढा. मग ‘एक्स्पोजर’ हळूहळू वाढवा, अडीचपर्यंत. बाहेरचं ऊन पांढरंफटक होईल, होऊ द्या. मगच एक्सपोर्ट.

मी इथे रोज हेच करते. आमच्या फोटोत पहिल्यांदा काहीच नसतं, काळी पाटी. आकडे उकलत गेलं की तिथे दीर्घिका निघते, कोट्यवधी वर्षं चालत आलेला उजेड. सहा वर्षं झाली, अजून दरवेळी माझा श्वास अडकतो. त्या खोपटात जयदेवकाका होते, त्यांच्या चेहऱ्यावरून थोडा तरी उजेड मामींच्या काचेत गेलाच असणार. गेला असेल तर तो त्या फायलीत आहे.

कळवा. मी मेल उघडी ठेवून बसले आहे.
हिमानी

*

मांजर्ली
मंगळवार, १२ नोव्हेंबर

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भूपेशने मोठ्याने वाचलं आणि पट्टी मी ओढली. काही बिघडू नये म्हणून हळूच ओढली, ते बरंच झालं. कारण आम्ही तिघांनी ते होताना पाहिलं. आधी खोपटाची कुडाची भिंत आली. मग टांगलेला विळा. मग गुडघ्यावर ठेवलेला हात. आणि मग कपाळ, भुवया, डोळे. माणूस आतून पुढे आल्यासारखा आला. डाव्या कानाची पाळी लहानपणी विळ्याने चिरलेली आहे, तीसुद्धा स्पष्ट. जनीबाई उठून स्क्रीनपाशी गेल्या. बोट लावलं नाही, जवळ नेऊन थांबवलं. म्हणाल्या, “यो बघ. बसलाय ना हितंच.”

वर्षभर त्या काळोखात ते तसेच बसून होते, हिमानी, आणि डिस्क माझ्या कपाटात, सदऱ्यांखाली. मी देवधर्म फारसा न करणारा माणूस. काल माझे हात आपोआप जुळले.

एकतीस एमबीची फाइल नऊशे केबीची झाली. भूपेशने ती फोनवर घेऊन पोलिसांना दिली, कंपनीच्या ग्रुपवर टाकली, उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतल्या मित्रांना धाडली. कानाची खूण आणि आपला नंबर खाली लिहिला. तीन तासांत तोच फोटो मला परत आला, पनवेलच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याकडून, की हे तुमच्याच गावचे दिसतात, पाहा. तुमच्या आकाशाचं मला माहीत नाही, पण इथे एक चेहरा तेवढ्या वेळात किती हातांतून गेला असेल याचा हिशेब मला मांडता येईना.

अजून पत्ता नाही. पण आज जनीबाई जेवल्या.
आशीर्वाद,
मामा

*

मांजर्ली
गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. हिमानीस,
मामाचे मनापासून आशीर्वाद.

सापडले. सुखरूप आहेत.

उल्हासनगरच्या एका सिंधी दरबारात (त्यांचं सत्संगाचं, लंगराचं ठिकाण) सेवेला जाणाऱ्या किर्ती नावाच्या बाईंच्या फोनवर तो फोटो काल सकाळी पोचला. आठवडाभर दरबारात एक आजोबा येऊन राहिले होते. शांतपणे बसायचे, सांगाल तेवढे मटार सोलायचे, नाव हिंदुराव सांगायचे. दरबारवाल्यांनी पोलिसांना कळवलंही होतं, पण हिंदुराव म्हणून. ते जयदेवांच्या वडिलांचं नाव. त्या नावाचं कुणी हरवलेलंच नव्हतं. किर्तीबाई फोन हातात धरून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या, कान पाहिला, आणि भूपेशला फोन लावला.

आम्ही रिक्षाने गेलो. जयदेवांनी भूपेशला ओळखलं नाही. जनीबाईंकडेही परक्या बाईकडे पाहावं तसं पाहून मटार सोलत राहिले. ते पाहवेना. जनीबाईही शेजारी बसून सोलू लागल्या. मग भूपेशने त्यांच्यासमोर फोन धरला. जयदेव कितीतरी वेळ त्या फोटोतल्या माणसाकडे पाहत होते. मग मान वर करून, अगदी घरातल्या आवाजात, जनीबाईंना काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. त्यांनी मटार सोलणं न थांबवता एका शब्दात उत्तर दिलं. त्यावर जयदेवांनी समाधानाने मान हलवली, उठले, आणि जनीबाईंच्या मागोमाग रिक्षात येऊन बसले.

काय बोलले ते भूपेशने वाटेत माझ्या कानाशी येऊन सांगितलं. जयदेवांनी विचारलं होतं, “बाई उन्हात उभी ऱ्हायली फोटो काढीत. तिला चा दिलास का?”

जनीबाई म्हणाल्या होत्या, “दिला.”

माझ्यावर लोभ आहेच, तुझ्या मामीवरचाही असाच राहू दे.
तुझा,
चिंतामणीमामा