न विचारता

दिंडोरी,
११ नोव्हेंबर २०२४

चि. मनालीस अनेक आशीर्वाद.

फोन पोलिसांकडे जमा केलास, म्हणून कित्येक वर्षांनी पेन हातात धरला. अक्षराला हसू नकोस. द्राक्षबागेत घड चांगले निघालेत, ते औषधात बुडवायला, डिपिंगला, बायका मिळत नाहीत, आणि तुझा फोन का लागत नाही असं तुझी आई रोज विचारते. बिघडला म्हणून सांगितलं आहे.

पोरी, हे प्रकरण मिटलं होतं. तुझा तो फोटो कॉलेजातल्या मित्रांना पाठवल्याचं सुयशने माझ्यासमोर रडत कबूल केलं. त्याच्या फोनमधून पुसायला लावला, तुझ्या फोनमधलंही सगळं मीच पुसून टाकलं. त्याच्या वडिलांना शब्द दिला, खंडोबापुढे बेलभंडारा उचलला, की पोलिसांत जाणार नाही. मग तुझ्या आत्याने, उज्वलाने, तुला सायबर पोलिसांकडे कशाला नेलं? फोटो तूच त्याला पाठवलेला. उद्या तुलाच आत टाकतील या भीतीने घास जात नाही. तक्रार मागे घे आणि घरी ये. उज्वलालाही हेच सांग.

तब्येतीला जप. लोभ आहेच.

तुझा,
आप्पा

नाशिकरोड,
१५ नोव्हेंबर

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

अक्षराला मी हसले नाही, आत्या हसली. फोनवर तुम्ही ‘हं’च्या पलीकडे बोलत नाही, त्या मानाने हा ग्रंथच झाला.

मलाही तुमच्यासारखीच भीती होती. पोलिसांपुढे बसले तेव्हा आधी तेच विचारलं. तिथल्या मॅडमनी समजावलं, की मी वीस वर्षांची आहे. विश्वासाने एकाला पाठवलेला फोटो त्याने चारजणांना दाखवला, तर गुन्हा त्याचा. फोटोला हो म्हटलं म्हणजे तो वाटायलाही हो म्हटलं, असं कायदा मानत नाही. पुढे पाठवणारे मित्रही त्यात अडकतात. पण तुम्ही पुसलेलं परत मिळेलच असं नाही. सुयशची कबुली ऐकणारे तुम्हीच काय ते साक्षीदार. पंचवीस तारखेला, सोमवारी, जबाब द्यायला याल का?

रागावू नका, पण लिहिते. लग्नाला मी नाही म्हणाले म्हणून त्याने मला न विचारता दाखवलं, आणि तुम्ही मला न विचारता झाकलंत. बेलभंडारा उचलताना मी तिथे नव्हतेच. तो कट्ट्यावर खुशाल बसतो आणि मी मान खाली घालून वर्गात जाते. मला याचं फार वाईट वाटतं.

राग आला तरी माया कमी करू नका.

तुमची,
मनाली

दिंडोरी,
२१ नोव्हेंबर

चि. मनालीस आशीर्वाद.

पत्र वाचून राग आला. फवारणी करता करता तो गेला. काल देवळात जाऊन खंडोबाला सांगितलं, की जो शब्द मी दिला तो पोरीचा होता, आणि पोरीने तो दिलेलाच नाही. सुयशच्या वडिलांनाही घरी जाऊन तोंडावर सांगून आलो. देव बघून घेईल असं ते म्हणाले. बघू दे, त्याला सगळं ठाऊक आहे. गाव बोलेल. बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं?

सोमवारी पहिल्या एसटीने येतो. उज्वलाला ठेचा देतो पाठवून म्हणालो होतो, तो बरोबरच आणतो.

एक विचारायचं आहे. आईला अजून काही माहीत नाही. मी सांगू, का नको? आता तुला न विचारता काही करणार नाही.

उज्वलाला आशीर्वाद, तुला जास्तीचे.

आप्पा

नाशिकरोड,
२७ नोव्हेंबर

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

सोमवारी टपरीवर चहा पिताना आपण दोघं द्राक्षाच्या भावावरच बोलत बसलो आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. आत तुम्ही जबाब देत होतात तेव्हा आवाज बाहेर बाकापर्यंत येत होता, बागेतून हाक मारता तसा. जरा हळू बोला असं मॅडमना सांगावं लागलं म्हणे. मला मात्र तो ऐकून फार धीर आला.

काल सुयशचा फोन पोलिसांनी ताब्यात घेतला. कोर्टात व्हायचं ते होईल. आज मी वर्गात पुढच्या बाकावर बसले.

शनिवारी घरी येते. आईला मीच सांगेन. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा.

लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
मनाली