सोयाबीन काय म्हणतंय?

प्रिय बन्सीराव,

तुमचं नाव लिहायला हात धजत नव्हता, पण पत्राला नाव तर पायजे. मी सरू, रामकिसन अण्णांची. फोन असताना हिनं पत्र कामून लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर माझं कसं होतं ते तुम्ही ऐकलंय. माय शेजारी शेंगा फोडत बसलेली असती, अण्णा अंगणात खाकरत असतात, आन तुम्ही 'बोला' म्हणले की माझ्या तोंडातून काहीच निघत नाय. पहिल्या फोनला तुम्ही 'कसं काय?' विचारलं आन मी म्हणले, 'आज चार हजार दोनशे.' तुम्ही हसले. मी फोन मायच्या हातात देऊन चुलीपाशी पळाले. पुढच्या वेळी तुम्हीच विचारलं, 'आणि मका?' तव्हा मला जरा बरं वाटलं. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे मोंढ्यातले भावच आहेत. लोकांच्या पोरी काय काय बोलतात म्हणे. मी तुम्हाला वांबोरी चाळणीनं साफ केलेला माल आन ओल किती टक्के ते सांगत बसते.

तुम्ही मला बघायला आले तो दिवस माझ्या लई ध्यानात आहे. पुढच्या खोलीत दोन सालाचं सोयाबीन होतं, पोत्यांची थप्पी आढ्यापर्यंत. बाज टाकायला जागा नाय, म्हणून तुम्हाला पुढच्या बुटक्या थरावर, कट्ट्यांवरच गोधडी टाकून बसवलं. पोहे घेऊन मी आत आले तव्हा तुमचे पाय खाली टेकत नव्हते, लहान पोरासारखे लोंबत होते. मला हसू आलं, म्हणून मी खाली बघितलं, आन सगळ्यांना वाटलं पोरगी लई लाजाळू. लाजाळू तर मी आहेच, पण तव्हा हसत होते. तेवढ्यात खालच्या एका कट्ट्याची शिवण उसवली, दाणे फरशीवर पसरले, आन तुमचे वडील पुंजाराम मामा उठायला गेले ते सरळ घसरून मापाच्या पायलीवर बसले. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मामाच उलट हसले, म्हणले, 'रामकिसनराव, आधी हे सोयाबीन काढा, मग पोरगी काढा.' तिथंच ठरून गेलं. क्विंटलला सहा हजार भाव झाला की माल मोडायचा आन मांडव घालायचा. कुणी कागद केला नाय, सुपारी फोडली नाय. पण तेव्हापासून माझं लग्न त्या कट्ट्यांमध्ये बांधून ठेवल्यासारखं झालंय.

अण्णा भावासाठी एवढे अडून कामून बसले, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसंल. एका साली अण्णांनी दिवाळीच्या आधी सगळं सोयाबीन विकलं. पैशाची काही नड नव्हती. मळणी झाली, मोंढ्यात नेलं, मोकळे झाले. पुढच्या पावसाळ्यात तेच सोयाबीन दहा हजारावर गेलं. गावात कुणाच्याच घरात दाणा नव्हता, पण अण्णांना वाटतं ते एकटेच फसले. जेवता जेवता मध्येच हात थांबायचा आन म्हणायचे, 'दहा हजार.' माय म्हणायची, 'भाकर खा, दहा हजार खाऊन पोट भरत नाय.' तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला, सोयाबीन घाईत मोडायचं नाय. मक्याचं तसं नाय. खालच्या तुकड्यात मका असते, ती वाळली की टेम्पोत जाते, कुणी तिच्याकडं वळून बघत नाय. मक्यानं त्यांना कधी फसवलं नाय ना. सोयाबीन फसवून गेलंय, म्हणून तेच घरात, उशाशी, पाहुण्यासारखं.

मी नववीतून शाळा सोडली. माळवं, जनावरं, मायचं गुडघ्याचं दुखणं, असंच काहीबाही. शाळेत बी मी मागच्या बाकावर गप बसायची, त्यामुळं कुणाला फरक पडला नाय, मला बी लई पडला नाय. पण वाचायला येतं म्हणून रोजचे भाव अण्णांना मी वाचून दाखवते. रोज सकाळी च्या झाला की अण्णा विचारतात, 'काय म्हणतंय?' मी मोबाईल बघून सांगते. वर गेलं की माय खुश, ती मनातल्या मनात साड्या मोजती. खाली आलं की अण्णा म्हणतात, 'थांबू.' आन माझं काय होतं ते मला बी सांगता येत नाय. सुरुवातीला भाव पडला की मला बरं वाटायचं, खोटं कामून बोलू. घर सोडायचं भ्या होतं. तुम्ही मका विचारली त्याच्यानंतर कधी तरी ते उलटं झालं. मग भाव पडला की मी अण्णांना दहा-वीस रुपये वाढवून सांगायची. त्यानं काय होणार होतं? मोंढा थोडाच माझ्या तोंडाकडं बघतोय.

पुंजाराम मामांचा, म्हणजे तुमच्या वडलांचा, फोन दर बाजारी यायचा. ते कधी लग्न म्हणले नाय, अण्णा बी कधी म्हणले नाय. मामा म्हणायचे, 'सोयाबीन काय म्हणतंय?' अण्णा म्हणायचे, 'दमानं घेतंय.' मामा म्हणायचे, 'आमच्याकडून काही घाई नाय, पण जास्त दिवस ठेवलं की दाणा काळा पडतो.' अण्णा म्हणायचे, 'आमचा माल सुकवून ठेवलेला आहे, काळा पडायचा नाय.' दोघं एकमेकाला कळलं असं समजून फोन ठेवायचे. माय आतून म्हणायची, 'पोरीचं बोलू राहिले का सोयाबीनचं, देवालाच माहीत.'

मग सांडू काका. अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांच्या मोबाईलवर सगळ्या जगाचं येतं. ब्राझीलमध्ये पीक लई आलं, अमेरिकेत गोदामं भरली, बाहेरून तेल आलं, सगळं ते ओट्यावर बसून सांगतात. एकदा म्हणले, 'अण्णा, आता मक्याचं इथेनॉल करायलेत. गाडीत घालायचं तेल. त्याच्यामागं जो चोथा राहतो तो कोंबड्यांना घालतात. कोंबड्यांना स्वस्तात पोटभर भेटलं, तर तुमची सोयाबीनची पेंड कोण घेईल?' अण्णा चिडले. 'म्हणजे माझ्याच मक्यानं माझ्याच सोयाबीनला पाडलं?' काका म्हणले, 'व्हय.' अण्णा म्हणले, 'आन माझ्या पोरीचं सगळं कोंबड्यांनी अडवलं?' काका म्हणले, 'असं बी म्हणता येईल.' त्या दिवशी मायनं काकाला दुसरा च्या दिला नाय.

काकाचं कुणी मनावर घेत नाय. पण संक्रांतीला तुम्ही फोन केला तव्हा तुम्ही बी तेच म्हणले. तुमच्या चितेगावच्या कंपनीत कोंबड्यांचं खाद्यच बनतं, तुम्ही तर रोज बघता. पेंडीच्या गाड्या कमी झाल्या, चोथ्याच्या वाढल्या, असं म्हणले. 'यंदा सहा हजार काही होत नाय, पुढच्या साली बी मला वाटत नाय,' असं म्हणले. मी ऐकत होते. मला वाटलं आता तुम्ही पुढं काही म्हणाल. तुम्ही म्हणले, 'बघू मग, भाव आल्यावर.' आन फोन ठेवला.

मी त्या रात्री काही लई विचार केला नाय. मला विचार उशिरा सुचतात. दुसऱ्या दिवशी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना ध्यानात आलं. ज्याला माहीत आहे की भाव येणार नाय, तोच म्हणतो भाव आल्यावर बघू. याचा अर्थ काय? मायला विचारावं वाटलं, पण मी पऱ्हाट्याच उपटत राहिले. मग पाचोडच्या बाजारात वच्छलामावशी भेटल्या. आपलं स्थळ त्यांनीच जुळवलं. लसूण निवडता निवडता मायला म्हणल्या, 'पुंजारामकडच्यांनी शहरात छावणीतली एक पोरगी बघितली म्हणे. बाप नोकरीला आहे. तिथं सोयाबीनची वाट बघायची गरज नाय.' मायनं लसूण पावशेर घ्यायचा तो अर्धा किलो घेतला. खरं का खोटं मला माहीत नाय. मावशी बोलण्यात मीठमसाला घालतात.

मागच्या आठवड्यात अण्णा आन मी थप्पी उलटत होतो. खालचे कट्टे वर, वरचे खाली, नाय तर माल उबतो. दोघंच होतो. अण्णांशी बी मी कधी धड बोललेली नाय, पण हातात काम असलं की मला बोलता येतं. मी कट्ट्याचं टोक धरलेलं होतं, तसंच म्हणले, 'अण्णा, भाव येणार नाय.' त्यांनी विचारलं, 'कुणी सांगितलं?' तुमचं नाव घ्यायला मला लाज वाटली. मी म्हणले, 'कोंबड्यांनी.' अण्णा माझ्याकडं बघत राहिले आन मग असे हसले, की कट्टा हातातून सुटला. लई दिवसांनी हसताना बघितलं. हसून झाल्यावर खाली बसले. म्हणले, 'मला बी कळतंय गं. पण मोडलं आन परत वर गेलं तर?' मी म्हणले, 'गेलं तर जाऊ द्या. ते आपलं नव्हतं म्हणायचं.' तेवढ्यात दारातून माय म्हणली, 'भावाचं काही नाय त्यांना. पोरगी धाडायची जिवावर आलीय, म्हणून सोयाबीन धरून बसलेत.' मला वाटलं अण्णा आता मायवर ओरडतील. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आन विहिरीवरल्या मोटारीकडं गेले, आन त्या वेळेला लाईट बी नव्हती.

परवा काकासाहेब व्यापारी काटा घेऊन आले. गावातला माल तेच घेतात. भाव चार हजार तीनशे. अण्णांनी एकदा बी भाव वाढवायला सांगितलं नाय, काकासाहेबच घाबरले, म्हणले, 'रामकिसनराव, तब्येत बरी आहे ना?' पहिल्या कट्ट्याला एक न म्हणता 'लाभ' म्हणायची आमची रीत. अण्णांनी मला म्हणायला लावलं. मी म्हणले तर ऐकूच गेलं नाय कुणाला, हमाल म्हणला, 'ताई, काट्याला कमी ऐकू येतं.' मग मी मोठ्यानं म्हणले. दुपारपर्यंत खोली रिकामी. आता तिथं बोललं तर आवाज घुमतो. दोन सालानं मागची खिडकी उघडली. मायनं फरशी धुतली, अण्णांनी मधोमध बाज टाकली आन बाजेवर पडून आढ्याकडं बघत बसले. म्हणले, 'केवढी मोठी आहे गं ही खोली.' सहा हजाराला जसं लग्न झालं असतं तसं आता होणार नाय. मांडव दारातच, जेवण गावापुरतं, आन माय म्हणती साड्या दोन कमी. मला काही वाटत नाय त्याचं.

तुम्हाला हे सगळं कामून लिहिलं ते आता लिहिते. आजपर्यंत सगळे सोयाबीनच्या आड उभे होते. अण्णा होते, मामा होते, मी बी होते. तुम्ही होते का नाय, ते मला माहीत नाय. आता ते गेलं. आता तुमच्याकडून 'थांबू' आलं, तर ते सोयाबीनमुळं नसंल, आन 'या' आलं तरी ते सोयाबीनमुळं नसंल. तुमच्या मनात छावणीची पोरगी असली तर तसं सांगा. मी अण्णांना माझ्या पद्धतीनं सांगेन, तुमच्यावर काही येऊ देणार नाय. आन मी असले, तर मामांना फोन करायला लावू नका. तुम्ही स्वतः या, आन अण्णांसमोर लग्न हा शब्द घ्या. आमच्या घरात तो अजून कुणीच घेतलेला नाय. हे पत्र फकिराकाकाच्या हाती देते, ते मक्याचा टेम्पो घेऊन तुमच्याच कंपनीत येतात. त्यांना वाचता येत नाय, आन ते कुणाला सांगत बी नाय.

खाली 'तुमचीच' लिहायचं होतं. पण ते ठरवायचं तुमच्याकडं आहे, म्हणून सध्या नुसतीच,

सरू