लाल दोऱ्याचं पिल्लू

मंगळवार, संध्याकाळ

ते पिल्लू झोपलंय की संपलंय, कळतच नाही. मान पुठ्ठ्यावर टाकून, पाय पसरून पडतं. बोट लावलं की दचकून उठतं आणि पुन्हा तसंच. नेमकं तेच, पायाला लाल दोरा बांधलेलं.

गावच्या कोंबडीला मुंगसाने नेलं, म्हणून भावोजी ही नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं खोक्यात घालून इथे डिलाईल रोडला घेऊन आले. मी कधी पाळलीयत? बल्ब खाली केला तर चोची उघडून धापा टाकतात, वर केला तर एकमेकांच्या अंगावर चढतात. लाल दोऱ्यावाल्याची शी मागे वाळून घट्ट बसली होती. कोमट पाण्याने पुसून काढली. बरोबर केलं की चुकलं? खालचे डॉक्टर म्हणाले, "मी कुत्र्या-मांजरांचा, मॅडम. कोंबड्यांचं मला नका विचारू." सासूबाई म्हणतात, हळदीचं पाणी पाज.

दोरा त्यांनीच बांधलाय. माझ्या ऑपरेशनच्या वेळी गावच्या राखणदार देवाला कोंबड्याचा नवस बोलल्या होत्या. आज ह्याला तळहातावर घेऊन म्हणाल्या, "ह्यो कोंबडोच होतलो बघ." एवढ्याशा जिवाचं त्यांना आत्ताच कसं कळतं?

म्हणजे मी ह्याला जगवतेय ते कशासाठी?

आत्ता पुन्हा बोट लावून आले. उठलं, थोडं पाणी प्यायलं. मनातल्या मनात राखणदाराला हात जोडले, म्हटलं ह्याला जगव. आणि मग, सासूबाई शेजारीच होत्या म्हणून आणखी हळू, कोंबडी निघू दे.