ओळख चालणार नाही, ओळखपत्र दाखवा

तीर्थरूप व्हर्लिनदादास, आणि त्याच देहात वास करणाऱ्या नगरमंडळाच्या माननीय अध्यक्षांस, धाकट्या बहिणीचा, आर्डिसचा, साष्टांग नमस्कार. (गुडघे सध्या वाकत नाहीत, तेवढी अंगं वजा धरावीत.) इकडे सर्व क्षेम. तळ्यावरचा बर्फ गेला, गळाला लावायच्या जळवा ताज्या आल्यात. तुझा रक्तदाब कसा आहे? लव्हॉनवहिनींनी तुझं लोणी बंद केल्याचं चर्चमध्ये कळलं. हे पत्र वाचण्याआधी गोळी घे. तीन घरं सोडून राहणाऱ्या भावाला पत्र कशाला, असं म्हणशील. पण तुझ्याच नोटिशीत लिहिलंय की यापुढचा सर्व व्यवहार लेखी करावा. म्हणून लेखी.

तर नोटीस पोचली. माझ्या दुकानातून सव्वीस एप्रिलला, शनिवारी दुपारी, सतरा वर्षांच्या मुलीला ई-सिगारेट विकली गेली, सबब गुरुवारी सुनावणी, आणि गुन्हा शाबीत झाल्यास दुकान महिनाभर बंद. कोणता महिना, तर मासेमारी खुली होते तो! म्हणजे ज्या दिवसांवर आपलं मिनेसोटातलं हे एवढंसं गाव वर्षभर जेवतं, त्या दिवसांत बाबांच्या दुकानाला कुलूप. दादा, खरं सांगते, नोटीस वाचून मी जळवांच्या टाकीपाशी बसून रडले. मग शेवटचं कलम वाचलं, की दोषी विक्रेत्याने भर सभेत उभं राहून गावाची माफी मागावी. ते वाचून मात्र डोळे पुसले. फार सुंदर कलम आहे, त्यातला एक शब्दही बदलू नकोस.

पोरांना ई-सिगारेट विकू नये हा तुमच्या मंडळाचा नवा कायदा वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. ब्लूबेरी आणि च्युइंगमच्या वासाचा धूर काय माझ्या वयाच्या बायकांसाठी काढतात? पोरांनाच गळाला लावायचा तो डाव, आणि गळाची गोष्ट मला कुणी शिकवायला नको. पण तुझं ते खास कलम! ‘ओळख असो वा नसो, प्रत्येकाचे ओळखपत्र पाहावे.’ परवा आपले गुंडरसन मास्तर आले. वय एक्क्याऐंशी. मुलीच्या धाकाने पाइप सोडून हे विजेचं चोखणं धरलंय. डोळे गेल्यापासून गाडीचं लायसन्स नाही, म्हणजे ओळखपत्र नाही. मी म्हटलं, नाही देता येणार. तर म्हणाले, “आर्डिस, तुला अपूर्णांक मी शिकवले गं.” मी म्हटलं, “मास्तर, ते व्हर्लिनलाही तुम्हीच शिकवलेत, आता भोगा.” बिचारे कुणाच्या तरी गाडीत बसून तंबाखू आणायला बावीस मैल शेजारच्या काउंटीत गेले, तिथे तुझं कलम नाही. पाइप पुन्हा सुरू आहे. आरोग्याचा केवढा हा विजय!

आता गुन्ह्याचा अहवाल. (तू त्यावर सही केलीस, म्हणजे वाचला नसशीलच.) गावातली सगळी पोरं मला नावानिशी ठाऊक, म्हणून शेरिफच्या माणसाने परीक्षेसाठी लांबून मुलगी आणली, आत पाठवली आणि स्वतः गाडीत बसून लिंबाची वडी खाल्ली. मुलीला ताकीद होती, की वय विचारलं तर खरं सांगायचं. विक्रेत्याने वय विचारलंच नाही. आपल्याकडे विचारतात तेच विचारलं.

“कुणाची गं तू?”

“बर्गस्ट्रॉमांची.”

“कुठल्या? दूधवाल्या?”

“हो.”

“मग काय, घरचीच की! तुझा आजा आणि मी एका होडीत वाढलो.”

या राज्यात बर्गस्ट्रॉम माशांहून जास्त आहेत आणि त्यातले निम्मे दूधवाले. पण विक्रेत्याची खात्री पटली. त्याने मुलीला नव्या कायद्याचं महत्त्व दहा मिनिटं समजावलं, ‘आजकालच्या पोरांना’ नावं ठेवली, आणि सगळं मुकाट ऐकून घेतलं म्हणून खूश होऊन ब्लूबेरीची डबी हातावर ठेवली. वर आजोबांना नमस्कार सांगितला. असा विक्रेता दुसऱ्या कुणाच्या दुकानात नसेल.

असो. वहिनींना नमस्कार, मांजराला गोंजारणे.

तुझी,
आर्डिस

ता. क. विक्रेत्याचं नाव अहवालात नाही, नुसतं वर्णन आहे: ‘टक्कल, लाल गॅलिस, वय सत्तरच्या आसपास, अतिशय बोलका.’

ता. ता. क. त्या शनिवारी हेल्गामावशीला दफनभूमीत पोचवून आल्यावर मी चर्चच्या तळघरात सँडविचांना लोणी लावत होते. “तू जा, तासभर मी बसतो गल्ल्यावर,” असं कोण म्हणालं होतं, ते आठवून पाहा.

एवढीच विनंती, की गुरुवारी अध्यक्षांच्या खुर्चीतून तू ‘विक्रेता हजर आहे का?’ असं विचारशील, तेव्हा हातही तूच वर कर. आणि येताना ओळखपत्र आण. तुला सगळं गाव ओळखतं, पण कलम तुझंच आहे.