बारा पावलांचं घर

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोचलो एकदाचे! तुला वाटलं होतं तसं काही झालं नाही. बाबांनी वाटेत गुडघ्याचं नावही काढलं नाही. बसमधून टेकडी दिसली तेव्हा मला कोपरानं असं ढोसलं की अजून दुखतंय. चाळीस वर्षांनी पाहिली त्यांनी ती. आमची खोली सायकलच्या दुकानावर आहे, खाली दिवसभर घंट्या तपासतात.

लढाईत बाबांच्या तुकडीनं ज्या माळावर सुरुंग पेरले, तो अजून तारेच्या कुंपणात आहे. पेरले एकोणीस, लढाई संपल्यावर दुसऱ्या तुकडीनं काढले अठरा. वरच्या साहेबांनी ‘एखाद्या जनावरानं उडवला असेल’ म्हणून फाईल बंद केली, बाबांनी मात्र केली नाही, हे तू नि मी लहानपणापासून जाणतोच. आता शेजारच्या शाळेला मुलांसाठी तोच माळ हवाय.

सुरुंग शोधणाऱ्यांच्या प्रमुख एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, जमिनीत लोखंडाचे इतके तुकडे आहेत की यंत्र जागोजागी कोकलतं. नेमकी जागा कळली तर चार दिवसांचं काम, नाहीतर दोन वर्षांचं. बाबांनी लगेच खिशातून ती जुनी वही काढून राहिलेल्या सुरुंगाची नोंद वाचली. ‘विहिरीपासून टेकडीच्या रोखानं नव्वद पावलं.’ विहीर अजून आहे! कुंपणाबाहेरच्या रस्त्यानं बाबा नव्वद पावलं चालले आणि समोर बोट दाखवलं. ती जागा बाईंच्या माणसांनी केव्हाच खणून पाहिली होती. तिथे काही नव्हतं.

बाईंनी हळूच विचारलं, की तरुणपणी तुमचं पाऊल केवढं पडायचं? बाबांचं तोंड एवढंसं झालं. आताचं मी मोजलं, जेमतेम बावीस इंच. तेव्हाचं कोण सांगणार? सकाळपासून पलंगावर वही धरून बसलेत. त्या वेळचं काही आहे का रे घरात? तू शिंपी आहेस, जुन्या विजारीवरून पाऊल काढता येतं का? येत असेल तर काढ आणि ताबडतोब कळव.

माया आहेच, उत्तराला उशीर केलास तर कान धरीन.

तुझी ताई

९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

विजारीवरून पाऊल निघत असतं तर मी दुकानाबाहेर ज्योतिषाची पाटी लावली असती. पण तुझं पत्र वाचता वाचता मी उडालोच! अगं, आपलं घर! लढाईवरून आल्यावर पुढच्याच वर्षी बाबांनी स्वतः चालून पाया आखला होता ना? ‘बारा पावलं लांब, एक कमी नाही, एक जास्त नाही’ हे आल्यागेल्याला ऐकवून त्यांनी आपल्याला वात आणला होता.

दोन गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून मी टेप घेतली. कपाट हलवलं, तुझी भावजय दुसरं टोक धरून चुलीमागच्या भिंतीला चिकटली. पुढच्या दारापासून तीनशे छत्तीस इंच. म्हणजे पाऊल अठ्ठावीस इंचांचं. बाईंना सांग.

ता. क. सांगू नकोस! पाकीट चिकटवणार तोच आत्या आली आणि पोट धरून हसली. ती म्हणाली, घर बांधताना मागची भिंत कोसळली, तेव्हा बाबा कामावर परत गेले होते, आणि गवंड्यानं आपल्या मनानं ती दोन फूट अलीकडे घेतली. बाबांना बरं वाटावं म्हणून हे कुणी बोललंच नाही. खरा पाया धुण्याच्या दगडाखाली आहे. दगड सरकवला, माती खरवडली, तर खरंच पाया! तिथपर्यंत बरोबर सहा टेपा. माझी टेप साठ इंची, म्हणजे बाबांचं पाऊल तीस इंच. हेच धरा. भिंतीचं मात्र बाबांना सांगू नकोस.

ताई, या प्रवासाला मीच नाट लावत होतो, ते मागे घेतो. शाळेत जाताना बाबांचं बोट धरून मी शंभर प्रश्न विचारायचो आणि ते तोंडातल्या तोंडात पावलं मोजत राहायचे. त्या मोजण्याचा मला फार राग होता. आज पहिल्यांदा वाटतंय, त्याचं चीज व्हावं.

बाबांना साष्टांग नमस्कार. इथलं प्रेम टपालात मावत नाही, उरलेलं घरी येऊन घ्या.

तुझा धाकटा

१७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

सापडला! सापडला रे!

तुझ्या हिशेबानं नव्वद पावलं म्हणजे सव्वादोनशे फूट. बाईंनी तिथे खूण केली आणि त्यांची माणसं तिथून चारी बाजूंना बोटबोट माती बाजूला करत गेली. आम्ही पार रस्त्यापलीकडे, बाबा खुर्चीवर. तिसऱ्या दिवशी दुपारी खुणेपासून चार हातांवर एका झुडपाच्या मुळांत तो निघाला. त्यांनी तो जागच्या जागी उडवला. धडाम झालं, मातीचा लोट उठला. बाबा उभे राहिले, ‘एकोणीस’ म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. बाई नाक पुसत म्हणाल्या की धूळ फार आहे.

आज तेवढी पट्टी मोकळी केली आणि बाबांना आत जाऊ दिलं. विहिरीपासून त्या खड्ड्यापर्यंत आम्ही दोघं चाललो. सवयीनं मी गप्प राहिले, म्हटलं मोजत असतील. पण ते बोलत होते! विहिरीचं पाणी कसं होतं, तुझ्या जन्माची तार त्यांना कुठे मिळाली, असं सगळं. मध्येच मी विचारलं, किती पावलं झाली? ते म्हणाले, कोण मोजतंय?

मंगळवारी दुपारच्या गाडीनं येतोय. स्टेशनवर ये, पण रिक्षा ठरवू नकोस. नर्स म्हणून सांगते, गुडघ्याला तेवढं झेपेल. घरापर्यंत त्यांच्याबरोबर तू चाल, मी सामान घेऊन मागून येईन.

लोभ आहे तसाच ठेव, आणि ते शंभर प्रश्न तयार ठेव.

तुझी ताई