वेगाचा दांडा डावीकडे

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचलं. जिने कमी चढ असं सांगितलं तर तू मुद्दाम दोन खेपा जास्त करशील, म्हणून सांगत नाही.

कामाचं लिहितो. मी होडी घेतोय. दुकान बंद केल्यापासून दिवस खायला उठतो. पाट्या रंगवणाऱ्याला आता विचारतो कोण? वळणावरच्या ‘सावकाश’पासून शाळेच्या फलकापर्यंत सगळं छापून मिळतं. म्हणून रोज गावाबाहेरच्या तलावाच्या काठावर गळ टाकून बसतो. मासे मात्र पलीकडे, पाण्यात बुडालेल्या झाडांपाशी. तिथे नुसतं वल्ही मारत जाणं माझ्याने होणार नाही, तेव्हा लहान होडी आणि तिला मागे लावायचं इंजिन हवं.

तुझ्या वहिनीने अट घातली आहे. वन्सं हो म्हणाल्या तर घ्या, नाही म्हणाल्या तर विषय संपला, असं तिने मला तोंडावर सांगितलं. तू पंपांच्या कारखान्यात इंजिनं तपासण्यात जन्म घालवलास, त्यामुळे तिचा तुझ्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. मी एकटाच जाणार आहे. माशांना गप्पा आवडत नाहीत.

लोभ आहेच, तो या वेळी होकाराच्या रूपाने यावा.

तुझा धाकटा


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझा आहे, तू होडीकडे लक्ष दे.

होडी ॲल्युमिनियमची बघ. हलकी असते, दगडाला घासली तरी पोचा पडून भागतं. तळ सपाट हवा, म्हणजे उभा राहिलास तर लगेच कलणार नाही. प्रत्येक होडीवर बनवणाऱ्याने एक पट्टी ठोकलेली असते. जास्तीत जास्त किती ताकदीचं इंजिन लावायचं आणि किती वजन चालेल ते तीवर लिहिलेलं असतं. दुकानदार काहीही सांगो, पट्टीचं ऐक.

बारा फुटांना सहा अश्वशक्ती भरपूर झाली. इंजिन दोरी ओढून सुरू होणारं घे. बॅटरी नको, बटणं नकोत. बॅटरी मागे, इंजिन मागे आणि तूही मागे बसलास, की होडीचं नाक आभाळात जातं आणि मागची फळी पाण्याला टेकते. मग एक लाट आत यायला पुरते. तू एकटा जाणार असलास तर हे जास्तच.

इंजिनाला एक लाल दोरी येते, ती मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं, नाहीतर होडी माणसाला टाकून निघून जाते. ही दोरी नसेल तर ते इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नकोस.

तुला काय काय हवंय ते सविस्तर कळव. मोघम लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही.

आशीर्वाद आहेत, होकार अजून नाही.

ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परीक्षेचा पेपर सोडवतोय असं वाटतंय. पण लिहितो.

होडी तू म्हणतेस तीच, बारा फुटी, सपाट तळाची. इंजिन मात्र बटणावर सुरू होणारं हवं. दोरी ओढायचे दिवस गेले, ताई. उथळ पाण्यात इंजिन वर उचलावं लागतं, तेही बटणानेच. पुढे बसून चालवायला गोल चाक. वेगाचा दांडा चाकाच्या डावीकडे. तो उजवीकडेच बसवतात म्हणून दुकानदार कुरकुरला, पण करून देतो म्हणाला. नांगर उचलायला फिरवायचं चक्र, आणि गळाची काठी धरायला कडेला दोन पकडी. असल्या होडीला पंधरा अश्वशक्ती लागते. पट्टीवर बरोबर पंधराच लिहिलंय, म्हणजे तुझ्याही कायद्यात बसलं.

आता तू मला आळशी म्हणशील. म्हण. आयुष्यभर शिडीवर उभं राहून अक्षरं काढली, म्हातारपणी थोडं बसून मासे मारावे म्हणतो.

वहिनी रोज विचारते, वन्संचं काय आलं? माझ्यासाठी नाही तरी तिच्यासाठी लवकर लिही.

रागावू नये, लोभ कमी करू नये.

तुझा धाकटा


ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुला आळशीच म्हटलं. दुसऱ्यांदा दांड्याशी अडले. आळसाला डावं-उजवं नसतं.

कारखान्यात पंप यायचे तेव्हा मी आधी त्यांचे बोल्ट बघायची. कुठला सैल झालाय त्यावरून आतला दांडा कोणत्या बाजूला कलतोय ते कळायचं. तुझी यादी मी तशीच बघितली. दोरी ओढायची नाही, इंजिन उचलायचं नाही, नांगर ओढायचा नाही, काठी धरायची नाही. जे एका हाताने होतं तेवढंच तू मागितलंस, आणि तो हात डावा आहे. तू उजव्या हाताचा माणूस आहेस. लहानपणी डाव्या हाताने तुला चेंडू फेकता यायचा नाही, मीच हसायची.

तुझ्या उजव्या हाताला काय झालंय? आणि दुकान छपाईने बंद पडलं की हाताने, तेही लिही. ‘वय झालं’ हे उत्तर मी धरणार नाही. खरं कळेपर्यंत होकार मिळणार नाही आणि नकारही मिळणार नाही.

ताई


ता. २६ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार.

तू माणसांनाही स्क्रू ड्रायव्हर लावतेस.

गेल्या वर्षीपासून हात जातो. दुखत नाही, नुसता जातो. खांद्यापासून खाली माझा नसल्यासारखा लोंबतो. कधी घटकाभर, कधी दुपारभर. कधी जाईल ते सांगता येत नाही. मानेत शीर दबली आहे असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया केली तर बरं होईल किंवा आहे तेही जाईल, असं त्यांचं मत, आणि त्यांनी ते हवामान सांगावं तसं सांगितलं. शेवटची पाटी एका औषधाच्या दुकानाची होती. अर्ध्यावर ब्रश पडला. उरलेली अक्षरं दुकानवाल्याने छापून चिकटवली. दुसऱ्या दिवशी मी शटर ओढलं आणि सगळ्यांना छपाईचं कारण दिलं.

वहिनीला यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर ती मला अंघोळीलाही एकटं सोडणार नाही. तलाव ही एकच जागा उरली आहे जिथे माझ्याकडे कुणी बघत नाही. ती काढून घेऊ नकोस. तू तिला एक ओळ जरी लिहिलीस तरी आपला पत्रव्यवहार संपला असं समज.

दुकानदाराकडे अशाच एका होडीला पंधराचं इंजिन लावून ठेवलंय. रविवारी ती चालवून बघणार आहे. एकटा. मला जमतं हे तुला दाखवतो, मग बोल.

धाकटा


ता. ३ मार्च

ती. वन्संस,
कृ. सा. न. वि. वि.

हे घरी आहेत आणि सुखरूप आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

रविवारी होडी बघायला म्हणून मीही मागे लागून गेले. होडीत यांनी मला घेतलं नाही. तुझ्या वजनाने माप चुकेल असं म्हणाले, दुकानदारही हसला. होडी छान निघाली. झाडांपर्यंत गेली. तिथे पाण्यातली वेल इंजिनाच्या पात्यात अडकली आणि आवाज बंद झाला. यांनी बटण दाबलं. बराच वेळ दाबत राहिले, शेवटी बॅटरीही बसली. वारा सांडव्याकडे वाहत होता. तुम्ही तलाव बघितलेला नाही. तलावाचं जादा पाणी जिथून खाली पडतं तो सांडवा. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, म्हणून या दिवसांतही तो भरून वाहतो आहे. त्याच्या अलीकडे तारेला बांधलेल्या पिंपांची रांग आहे, तिच्यापुढे कुणी जायचं नसतं.

दुकानदार काठावरून दोरी ओढा, दोरी ओढा, असं ओरडत होता. अडचणीला म्हणून इंजिनाला दोरीही असते म्हणे. हे वाकून वेल काढायला जाईनात आणि दोरीला हात लावीनात. नुसते तिच्याकडे बघत उभे होते. होडी आडवी होऊन पिंपांकडे सरकत होती. 

पिंपांशी पोचल्यावर यांनी डाव्या हाताने तार धरली. पाणी खालून होडी ओढत होतं आणि हे एका हाताने धरून होते, उजवा नुसता बाजूला. दुकानदार दुसऱ्या होडीने पोचेपर्यंत धरून होते. तळहात सोलून निघालाय.  तुमचं पाकीट शनिवारीच आलंय, ते न फोडता उशाशी ठेवलंय.

आता माझं. हाताचं मला पहिल्यापासून माहीत आहे. बाटल्यांची झाकणं मी वर्षभर सैल करून ठेवते, शर्टाचं वरचं बटण आधीच लावून देते. यांनी सांगितलं नाही म्हणून मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हसून उडवलं असतं. होडीचं निघालं तेव्हा मी तुमच्या होकाराची अट घातली ती यासाठीच. इंजिनाचं बोलता बोलता तुम्ही नेमकं काढून घ्याल अशी माझी खात्री होती. तुम्ही काढलंतही असणार, कारण तुमच्या मागच्या पत्रानंतर हे दोन दिवस जेवले नव्हते. मग मला एक ओळ लिहायला काय हरकत होती? मी शनिवारीच यांना अडवलं असतं.

राग आहे, पण लोभाच्या आत आहे.

तुमची वहिनी


ता. ७ मार्च

चि. सौ. वहिनीस आणि चि. धाकट्यास,
आशीर्वाद. हे पत्र दोघांनी एका टेबलाशी बसून वाचावं. वहिनीने मोठ्याने वाचावं.

वहिनी, तुझा राग रास्त आहे. त्याने लिहू नको म्हटलं आणि मी ऐकलं. रविवारी जाऊ नकोस एवढंच त्याला लिहून स्वस्थ बसले. उशाशी आहे ते तेच पाकीट. आता फोडायची गरज नाही.

धाकट्या, तिला वर्षभर माहीत आहे. तू झाकणं उघडत होतास ती तिने सैल केलेली होती. यावर तू काय करायचं ते तुझं तू बघ, पण पाण्यावर पळून जाण्यात आता काही अर्थ राहिला नाही.

माझा होकार आहे, तो असा. होडी ठरली तीच. इंजिन सहा अश्वशक्तीचं, मागे बसून हँडलने वळवायचं, दोरी ओढून सुरू होणारं. बटण नाही, चाक नाही, दांडा डावीकडे नाही आणि उजवीकडेही नाही. तुला एकट्याला सुरू करता येणार नाही असंच इंजिन मी मुद्दाम निवडलं आहे. दोरी वहिनी ओढेल. वेल अडकली तर तीच काढेल. लाल दोरी तिच्या मनगटाला. तू पुढे बसायचं, रस्ता दाखवायचा आणि गळ टाकायचा. ते एका हाताने होतं. दोघांनीही अंगात तरंगणारी जाकिटं घातल्याशिवाय होडी काठ सोडणार नाही.

मी पंधरा तारखेला येते आहे. वहिनीला इंजिन शिकवून परत जाईन. मला पाण्यात न्यायचा आग्रह करू नये, गुडघा वाकत नाही. शस्त्रक्रियेचं डॉक्टरांना मी समोर बसून विचारणार आहे. त्यांनी हवामान सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही.

दोघांना सारखाच लोभ, कुणी मोजू नये.

ताई


ता. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर लागत नसेल तर वहिनीकडून वाचून घ्यायची सोय तुझ्याकडे नाही, तेव्हा कष्ट घे. डाव्या हाताचं आहे.

तू गेल्यावर आठ दिवस मी होडीत पाय ठेवला नाही. माझी होडी, माझं इंजिन, आणि मी पुढे सामानासारखा बसणार? वहिनी एकटीच काठाशी दोरी ओढायचा सराव करत होती. आठव्या दिवशी तिच्या हाताला फोड आले. तिने ते मला दाखवले नाहीत, मी बघितले. दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो.

आता ती दुसऱ्या ओढीत इंजिन सुरू करते. तू शिकवलंस तसं आवाज ऐकून मान तिरकी करते, म्हणजे दोन ताया झाल्या. झाडांपाशी पोचलो की इंजिन बंद करून, आपलाही एक गळ टाकून विणायला बसते. बोलत नाही. परवा तिथेच माझा हात गेला. मी गळ पकडीत अडकवला आणि हात गेला असं मोठ्याने सांगितलं. पहिल्यांदाच. तिने विणकामावरून नजर न उचलता, मग डावा आहे ना, एवढंच विचारलं. मासे दोन मिळाले, त्यातला मोठा तिच्या गळाला. शस्त्रक्रियेची तारीख जूनमधली मिळाली आहे. भीती वाटते, ते तिलाही सांगितलंय.

होडीला नाव हवं म्हणून ती मागे लागली होती. छापून चिकटवू म्हणाली. ते मला झोंबलं. दुकानाचं शटर उघडून ब्रश आणले आणि काल डाव्या हाताने नाव काढलं. आयुष्यभर वळणावळणावर जे लिहिलं तेच लिहिलं, सावकाश. चार अक्षरांना अख्खी दुपार लागली. शेवटचं अक्षर पाण्याकडे घसरलं आहे. वहिनी म्हणत होती, रंग ओला आहे तोवर पुसा आणि पुन्हा काढा.

नाही पुसलं. आता वाळलंय.

गुडघा जप, आणि लोभ होता तसाच राहू दे.

तुझा धाकटा