उडद्या आणि सूप

प्रिय वैदेही,

लोहाऱ्याच्या जीपवाल्याजवळ तुझा डबा देतेय, त्यातच हे पत्र. तुझ्या बाबांचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. भाऊजींना म्हणावं, घरची काळजी नको. शेंगदाण्याची चटणी तुला आवडते तशी, कमी तिखटाची केलीय.

तू माझी धाकटी जाऊ होऊन आलीस तो ऑक्टोबर आठवतो का गं? छाटणी होऊन द्राक्षाच्या काड्यांवरचे डोळे फुगून कोंब फुटायला आले होते आणि मी म्हणाले, वेलीवर उडद्या आलाय. तू तुळजापूरच्या मास्तरांची लेक, उडद्या म्हणजे डोळे कुरतडणारा भुंगेरा हे तुला कुठून ठाऊक? उडीद पाखडायचा समजून सूप घेऊन बागेत हजर! पोट धरधरून हसले मी. आणि तू काय केलंस, भुंगेरे चिकटावेत म्हणून त्याच सुपाला तेलाचा हात फिरवलास आणि पहाटे वेली झटकून सूपभर भुंगेरे धरलेस. बारा वर्षं मी उलट्या छत्रीत तेच धरत होते, बाई! पण शेतकरी मेळाव्यात फोटो निघाला तुझ्या सुपाचा. सासूबाई पाहुण्यांपुढं तुझ्याच बागेची द्राक्षं ठेवतात. माझ्या छत्रीला कुणी हिंग लावून विचारलं न्हाय. लई जळले मी. अजून जळते.

आता बाबांकडं जाताना तू तुझी बाग माझ्यावर सोपवलीस. सोमवारी बांधावरून पाहिलं, तुझ्या वेलींवर उडद्या बसलेला. मी माझ्या ओळी झटकल्या आणि घरी आले. म्हटलं, बघू आता सूप काय करतंय. मंगळवारीही तेच. तू फोनवर बाग कशी आहे विचारायचीस, मी झकास म्हणायचे.

बुधवारी तू बागेचं विचारलंच न्हायस. माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी बाबांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय म्हणालीस. फोन ठेवला आणि तुझं सूप शोधलं. तेव्हापासून रोज पहाटे तुझ्या वेली झटकतेय. छत्रीपेक्षा सूपच बरं पडतं, मेलं, हे लिहितानाही जीव जळतो.

पण बांधाकडच्या चार ओळी वाचल्या न्हायत. भाऊजी आल्यावर भुंगेऱ्याला शिव्या देतील, त्यांना देऊ देऊ नकोस. त्या वेलींचे डोळे माझ्या डोळ्यांदेखत गेलेत. फोनवर तोंड उघडेना म्हणून लिहिलं. तू डबा कधी रिकामा परत करत न्हायस, चिमूटभर साखर तरी घालतेस. या खेपेला रिकामा आला, तर मी समजून घेईन.

तुझीच,
दैवशालाताई